डिपर देऊनही समोरचा शिव्या घालतो

निफाड तालुक्यातून एका गाडीमालकाचं पत्र आलं आहे. वय ५४. धाकट्या भावाबरोबर भागीत एक दहा टायरी ट्रक आहे, दोघंही पाळीपाळीनं चालवतात. लासलगावला संध्याकाळी कांदा भरायचा, कसारा घाट उतरायचा आणि पहाटे वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटला पोचायचं, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा धंदा. गेली दोन-तीन वर्षं रात्री रस्ता कमी दिसतो, जुन्या हॅलोजनचा उजेड मेणबत्तीसारखा वाटतो, अशी त्यांची कुरकुर चालू होती. ते पेरणीसाठी घरी असताना भावानं त्यांना न सांगता साडेनऊ हजार रुपये घालून बाहेरचे एलईडी हेडलाइट बसवून घेतले. चार दिवस दोघंही खूश होते. मग एकेक सुरू झालं. गाडी खड्ड्यात आदळली की डावा दिवा मिचमिचतो. टोलनाक्याच्या रांगेत इंजिन स्लोवर असलं की दोन्ही फडफडतात. दिवे लावले की एफएमवर खरखर येते. सकाळी सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) जड फिरतो आणि दोनपैकी एकाच बॅटरीचं पाणी सारखं कमी होतं. शिवाय डिपर दिला, म्हणजे उजेड खाली केला, तरी समोरचे अप्पर (वरचा पूर्ण उजेड) मारतात, काही जण तर काच खाली करून शिव्या घालतात. भाऊ म्हणतो, बॅटऱ्या म्हाताऱ्या झाल्या, नव्या टाकू. दुकानदारही तेच म्हणतो. वाचकाला वाटतं की माल डुप्लिकेट आहे, काढून टाकावा. पण भावानं हौसेनं केलंय, त्याचं मन मोडवत नाही. “बॅटऱ्या बदलू की दिवे काढू?” असं त्यांनी विचारलं आहे.

दादा, नमस्कार.

तुमच्या पत्रात एक वाक्य सहज येऊन गेलंय आणि माझं सगळं लक्ष तिथेच अडकलं. एकाच बॅटरीचं पाणी कमी होतं. दोन्ही बॅटऱ्या एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच पेटीत शेजारी बसलेल्या, एकाच उन्हात तापणाऱ्या. म्हातारपणच असतं तर ते दोघींनाही साधारण बरोबरच आलं असतं. एकीचंच पाणी उडतंय म्हणजे दोघींना सारखं वागवलं जात नाहीये. म्हणून नव्या बॅटऱ्यांचे पैसे तूर्त खिशातच ठेवा. आधी बॅटरीपेटीचं झाकण काढा आणि दोन बॅटऱ्यांना एकमेकींशी जोडणारा जो मधला जोड असतो, त्यावर एखादी नवी बारीक वायर अडकवलेली दिसते का, ते बघा. माझा अंदाज आहे की दिसेल, आणि ती सरळ हेडलाइटकडे गेलेली असेल.

असं का, ते सांगतो. तुमची गाडी २४ व्होल्टची. बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या एकीला एक जोडून चोवीस होतात. बाहेरचे बरेच एलईडी हेडलाइट फक्त १२ व्होल्टसाठी बनवलेले असतात. ते चोवीसवर लावले तर जळतील, हे बसवणाऱ्याला माहीत असतं. मग तो सोपी वाट काढतो: मधल्या जोडावरून वायर घेतो. तिथे बाराच व्होल्ट मिळतात, दिवे झकास पेटतात आणि गिऱ्हाईक हसत बाहेर पडतं. पण आता खालची, म्हणजे जिचं निगेटिव्ह चेसिसला (गाडीच्या लोखंडी सांगाड्याला) गेलंय ती बॅटरी रात्रभर दोन्ही हेडलाइट एकटी पोसते आणि वरची नुसती बसून असते. इंजिनवर फिरून बॅटऱ्या चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरला हे कळत नाही. तो दोघींना मिळून साधारण २८ व्होल्ट देतो. वाटणी सारखी झाली तर प्रत्येकीला १४ मिळतात. खालची उपाशी असल्यामुळे तिच्यावर १२.६ च राहिले, तर उरलेले १५.४ वरचीच्या डोक्यावर येतात. ती उकळते, तिचं पाणी उडतं. खालची कधी पूर्ण भरतच नाही, आणि सकाळी सेल्फ मारताना दोघींची ताकद लागते तेव्हा तीच मागे पडते. टोलनाक्यावर इंजिन स्लोवर आलं की तिचा व्होल्ट आणखी खाली जातो, आणि एलईडीच्या आतलं सर्किट तेवढ्यात नीट चालत नाही म्हणून दिवे फडफडतात. तुम्ही ज्या वेगवेगळ्या तक्रारी लिहिल्या आहेत त्यातल्या तीन माझ्या मते एकाच वायरीच्या आहेत.

खात्री करायला मल्टिमीटर हवा. तीन-चारशे रुपयांत साधा मिळतो आणि प्रत्येक गाडीत असावा असं मला मनापासून वाटतं. इंजिन चालू, हेडलाइट चालू, आणि प्रत्येक बॅटरीच्या दोन टोकांवर वेगवेगळं मोजा. दोघींत अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक दिसला तर गोष्ट पक्की झाली. हे करताना पेटीजवळ बिडी-सिगारेट नको. उकळणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि एका ठिणगीत बॅटरी फुटते. जोड सोडवायचा झाला तर आधी चेसिसला गेलेलं निगेटिव्ह काढा, म्हणजे पाना चुकून लोखंडाला लागला तरी काही होणार नाही.

मी बावीस वर्षं ऑटो इलेक्ट्रिकचं काम केलंय. शिकाऊ असताना एका गाडीच्या टेपसाठी मी स्वतः अशीच मधून वायर काढून दिली होती. टेप छोटा, काही होत नाही, असं तेव्हा सगळेच म्हणायचे. वर्षाच्या आत त्या माणसाच्या दोन्ही बॅटऱ्या गेल्या. तो बिचारा बॅटरीवाल्याशी भांडत राहिला आणि मला खरं कारण पुष्कळ नंतर उमगलं. तुम्ही आत्ता नव्या बॅटऱ्या टाकल्यात तर चार-सहा महिने बरं वाटेल. मग हेच पत्र पुन्हा लिहावं लागेल.

वायर सापडली तर दोन रस्ते आहेत. चांगला रस्ता म्हणजे दिवे दुकानदाराला परत करून त्याच प्रकारचे, पण चोवीसवर चालणारे घेणं. खोक्यावर किंवा दिव्याच्या पाठीवर ‘९ ते ३२ व्होल्ट’ असं काही छापलेलं असलं की ते दोन्हीकडे चालतात. दुसरा रस्ता म्हणजे चोवीसचे बारा करणारा कन्व्हर्टर मध्ये बसवणं. दोन दिवे मिळून ७० वॉट खात असतील तर बाराला जवळपास ६ अँपिअर लागतात, म्हणून १० अँपिअरच्या खालचा कन्व्हर्टर घेऊ नका आणि तो इंजिनच्या उष्णतेपासून लांब बसवा. मला पहिला रस्ता जास्त पटतो. मध्ये जितकी यंत्रं जास्त, तितक्या घाटात बंद पडायच्या जागा जास्त. काहीही केलंत तरी वरची बॅटरी एवढे दिवस उकळलीय आणि खालची उपाशी राहिलीय. वायर काढून दोघींना वेगवेगळं पूर्ण चार्ज करून घ्या, मगच त्या टिकतील की नाही ते कळेल.

वायर सापडली नाही, तर माझा अंदाज चुकला. मग पुढे मी जे डाव्या दिव्याबद्दल सांगतोय तेच दोन्ही बाजूंना करायचं. ज्यांची १२ व्होल्टची पिकअप किंवा छोटा टेम्पो आहे त्यांनाही इथून पुढचं लागू पडेल.

डावा दिवा खड्ड्यात मिचमिचतो याचा बॅटरीशी संबंध नाही, नाहीतर उजवाही मिचमिचला असता. इथे भांडणाचं मूळ आहे: तुम्ही म्हणता माल डुप्लिकेट, भाऊ म्हणतो नाही. हे दहा मिनिटांत मिटतं. डावा दिवा उजवीकडे लावा, उजवा डावीकडे. मिचमिचणं दिव्याबरोबर उजवीकडे गेलं तर दिवा खराब, परत करा. ते डावीकडेच राहिलं तर दिवा निर्दोष आणि वायरिंग दोषी. भावाला बरोबर घेऊनच हे करा, म्हणजे निकाल कोणाच्याही बाजूनं लागला तरी तो दोघांनीही डोळ्यांनी पाहिलेला असेल.

मला वाटतं दोष वायरिंगमध्येच निघेल, आणि त्यातही अर्थिंगमध्ये. बसवणारे घाईत निगेटिव्हची वायर जवळच्या कुठल्यातरी बोल्टखाली दाबून देतात. खाली रंग असतो, पावसाळ्यात गंज धरतो, खड्ड्यात बोल्ट हलला की दिवा हलतो. रंग खरवडून चकचकीत लोखंड दिसेपर्यंत जागा साफ करा, वायरीच्या टोकाला थिंबल (बोल्टखाली बसणारं धातूचं टोक) दाबून बसवा, बोल्ट कसा आणि वरून ग्रीस लावा. नुसती वायर पिळून टेप गुंडाळलेले जोड दिसले तर तेही नव्यानं करून घ्या.

एक गोष्ट इलेक्ट्रिशियनही विसरतात. टेस्टर पेटला म्हणजे वायर चांगली, असं नसतं. आतल्या तीस तारांपैकी एकच तार धरून असली तरी टेस्टर पेटतो, कारण त्याला नावापुरता करंट लागतो. म्हणून वायर तपासायची ती दिवा पेटलेला असताना. मल्टिमीटरची काळी टोचणी बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल टोचणी दिव्याच्या अर्थच्या पिनेवर. काटा ०.१ किंवा ०.२ दाखवेल तर ठीक. अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेला तर अर्थिंग कच्चं आहे. तसंच पॉझिटिव्हकडून करा: एक टोचणी दिव्याचा करंट जिथून घेतलाय त्या टोकावर, दुसरी दिव्याच्या पॉझिटिव्ह पिनेवर. जितके व्होल्ट दिसतील तितके वाटेत सांडतायत.

एफएमची खरखर ही त्या मानानं किरकोळ आहे. एलईडीच्या आतलं सर्किट फार वेगानं चालू-बंद होत असतं, त्याचा तो आवाज. अर्थिंग नीट झालं की बऱ्याचदा कमी होतो. पूर्ण गेला नाही तर दिव्याची वायर अँटेनाच्या वायरीपासून लांब फिरवून घ्या.

आता शिव्यांबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटते. बॅटरी गेली तर पैसे जातात. समोरच्याचे डोळे दिपले तर त्याच्याबरोबर तुम्हीही संकटात. साठच्या वेगानं गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. दोन सेकंद त्याला काही दिसलं नाही तर तो ३३ मीटर आंधळा चाललाय, तेही तुमच्याच दिशेनं. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०६ हेच सांगतो: पुढचा दिवा खाली झुकलेलाच असला पाहिजे, ८ मीटरवर दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत त्याला तो दिपवता कामा नये.

तुमच्या पत्रावरून वाटतं की डिपर म्हणजे कमी उजेड, अशी तुमची समजूत आहे. डिपरमध्ये उजेड कमी होतो त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो कापला जातो. चांगल्या हेडलाइटचा डिपर भिंतीवर टाकला की वर अंधार, खाली उजेड आणि मध्ये स्पष्ट रेघ दिसते. आपल्याकडे डावीकडून गाड्या चालतात म्हणून ती रेघ उजवीकडे, समोरून येणाऱ्याच्या बाजूला, सपाट असते आणि डावीकडे साइडपट्टीच्या बाजूला थोडी वर चढते. जुन्या हॅलोजनच्या एच-४ बल्बमध्ये डिपरच्या तारेखाली एक छोटी वाटी असते, तिच्यामुळे ही रेघ पडते. तिथे नुसता एलईडी बल्ब खुपसला आणि त्याची चीप (उजेड देणारा भाग) त्या तारेच्या जागी तंतोतंत आली नाही, किंवा चीप डावी-उजवीकडे तोंड करण्याऐवजी वर-खाली वळली, की रेघ विस्कटते आणि उजेड सगळीकडे उधळतो. तुम्ही अख्खे हेडलाइट बदललेत, त्यामुळे तुमच्याकडे दुसरी शक्यता आहे. ते उजवीकडून गाड्या चालणाऱ्या देशासाठी बनवलेले असतील, तर रेघ उलटी चढते, बरोबर समोरच्याच्या डोळ्यांत. काच नीट पुसून बघा. गोलात ‘ई’ आणि आकडा अशी खूण असेल तर जवळच आडवा बाण शोधा. दिव्याच्या समोर उभं राहिल्यावर तुमच्या उजव्या हाताकडे तोंड केलेला बाण असेल तर दिवा आपल्या रस्त्यासाठी आहे. खूण आहे पण बाणच नाही, तर तो आपल्यासाठी नाही, आणि कुठलाही स्क्रू फिरवून तो आपला होणार नाही.

पण दिवा अगदी बरोबर असला तरी एक गोष्ट उरते, ती म्हणजे कांदा. भावानं दिवे बसवले तेव्हा गाडी रिकामी असणार, आणि दुकानदारानं उजेड जुळवलाही असला तरी रिकाम्याच गाडीवर जुळवला असणार. माल भरल्यावर मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) पुढच्यापेक्षा जास्त दबतात आणि गाडीचं तोंड वर होतं. पाच मीटरच्या चाकांच्या अंतरावर मागची बाजू नऊ-दहा सेंटिमीटर जास्त बसली तर गाडी जवळपास एक अंश वर बघते. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण हेडलाइट जमिनीपासून १ मीटरवर आणि उजेड १० मीटरवर १० सेंटिमीटर खाली, असा बरोबर लावलेला दिवा १०० मीटरवर रस्त्याला टेकतो. तोच एका अंशानं वर गेला की रस्त्याला कधीच टेकत नाही, आणि ५० मीटरवर त्याची वरची रेघ जमिनीपासून सुमारे १ मीटर ३७ सेंटिमीटरवर असते. कारमधल्या ड्रायव्हरचे डोळे त्याच्या खाली असतात. म्हणजे तुम्ही मनापासून डिपर देताय आणि त्याला मात्र अप्परच दिसतोय. जुन्या मंद दिव्यांनीही हे होतच होतं. उजेड कमी म्हणून कुणी बोलत नव्हतं इतकंच. कसारा घाटात पावसाळी धुकं उतरलं की हाच वर गेलेला पांढरा उजेड धुक्यावर आपटून तुमच्याच डोळ्यांत परत येईल, म्हणजे तुमचंही नुकसानच.

जरा मागे जाऊन एक विचारतो. जुने दिवे खरंच कमजोर होते का? हॅलोजनला मिळणारा व्होल्ट दहा टक्क्यांनी घटला तर उजेड जवळपास तीस टक्क्यांनी घटतो. वर्षानुवर्षं जुनी वायर, झिजलेला स्विच, काळा पडलेला होल्डर, यात तेवढा व्होल्ट सहज सांडतो. बॅटरीपासून फ्यूज लावून जाड वायर आणि २४ व्होल्टचा रिले (स्विचच्या इशाऱ्यावर दिव्याला थेट करंट जोडणारा) टाकला असता, तर त्याच ७०-७५ वॉटच्या बल्बांनी तुम्हाला चकित केलं असतं. रिफ्लेक्टर पिवळा पडला असेल, विंडस्क्रीनवर वायपरचे ओरखडे असतील, तर नवे दिवेही तिथे हरतात.

आणि दादा, तुमचं वय ५४. रात्री रस्ता कमी दिसणं, समोरच्या दिव्यानं पूर्वीपेक्षा जास्त दिपणं, दिव्याभोवती कडं दिसणं, यातलं काही होत असेल तर डोळे तपासून घ्या. मोतीबिंदूची सुरुवात पुष्कळदा अशीच होते, आणि दिवसा काहीच जाणवत नाही. भावाला रात्री रस्ता कमी दिसत होता का, असं त्याला एकदा विचारून बघा. त्याला नीट दिसत असेल आणि तुम्हाला नसेल, तर पुढची फेरी त्याला जाऊ द्या आणि तुम्ही नाशिकला डॉक्टरकडे जा.

भावाचं मन मोडेल या भीतीनं तुम्ही गप्प राहू नका, पण “काढून टाक” हेही पहिलं वाक्य नको. त्यानं तुमची कुरकुर ऐकली, लक्षात ठेवली आणि तुमच्या पाठीमागे स्वतःहून काहीतरी केलं. हे त्याला आधी बोलून दाखवा. मग मल्टिमीटर त्याच्या हातात द्या. बॅटरीपेटी त्यालाच उघडू दे, मधली वायर त्यालाच सापडू दे. दुकानदाराकडे दोघं जा आणि भांडायला नको, मोजलेले आकडे घेऊन जा: या बॅटरीवर इतके, त्या बॅटरीवर इतके. दिवे चोवीसचे नव्हते हे त्याला नाकारता येणार नाही, आणि चांगला दुकानदार बदलून देईल.

शेवटचं काम लासलगावला गाडी भरल्यावरच करायचं, आधी नाही. टायरची हवा बरोबर भरा. सपाट जागेत भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करा. दोन्ही दिव्यांच्या मध्यबिंदूची जमिनीपासूनची उंची मोजून तेवढ्याच उंचीवर भिंतीवर खडूनं रेघ मारा, आणि तिच्याखाली १० ते १५ सेंटिमीटरवर दुसरी. भावाला केबिनमध्ये बसवून डिपर द्यायला सांगा, एका दिव्यावर पोतं टाकून दुसरा जुळवा, मग उलट. उजेडाची सपाट कड खालच्या रेघेवर बसेपर्यंत दिव्यामागचा स्क्रू फिरवत राहा. भिंतीवर स्वच्छ कड दिसली आणि ती रेघेवर बसली, तर दिवे ठेवा. कडच दिसत नसेल, नुसता पांढरा गोळा पसरला असेल, तर भावालाही केबिनमधून खाली बोलावून तो दाखवा आणि जुने हेडलाइट नव्या वायरीवर परत चढवा. ते भंगारात दिले नसतील, अशी आशा आहे.